भट्टीवरच्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग: मंडळीतल्या भावाबहिणींना काही सूचना

आमचा वर्ग बघून गेलेल्या इतर चर्चच्या मंडळ्यांकडून अधूनमधून फोन येतात. कुणी जागेचं विचारतं, कुणी पैशाचं. पण बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "बाई, वसतिगृहच काढावं म्हणतोय, तुमचं काय मत?" माझं मत इथं सविस्तर लिहून ठेवते. मुलाला उचलून आपल्या आवारात आणू नका. आपण त्याच्या खोपीपर्यंत जायचं, त्याला जवळच्या सरकारी शाळेत घालायचं आणि वर्षभर तिथं टिकवायचं. संध्याकाळचा वर्ग त्या टिकवण्यासाठी असतो.

मी नोकरीभर प्राथमिक शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर महिला मंडळातल्या काही बहिणींबरोबर कोल्हापूरच्या बाहेर वीटभट्ट्यांवर जायला लागले. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलांची ओळख उघडी करायची नाही हा आमचा नियम आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी नुसतं जाऊन बसा

भट्टीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि पावसाच्या तोंडावर संपतो. कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असतात. काही विजयपूर-कलबुर्गीकडची, काही मराठवाड्यातली. पहाटे अंधारातच विटा थापायला सुरुवात होते. बाप चिखल करतो, आई साचा मारते, आणि हाताला येईल एवढं पोर वाळत घातलेल्या विटा उलटत फिरतं. त्याहून मोठी पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी. ही दिनचर्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय वर्गाची वेळ ठरवू नका. आपल्या सोयीची दुपारची वेळ धरली तर एकही मूल येणार नाही. आमचा वर्ग साडेपाच ते सात असतो, कारण तेव्हा थापणं थांबलेलं असतं आणि भाकरी अजून तव्यावर पडलेली नसते.

पहिल्या काही भेटींत काहीही वाटू नका. बिस्किटं नाहीत, कपडे नाहीत. वाटप करणारी माणसं या लोकांनी पुष्कळ बघितलीत. ती येतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही बायकांजवळ बसा, पाणी कुठून आणता विचारा, गाव कुठलं, गावाकडं कोण आहे, मुलं तिकडं शाळेत जात होती का, हे विचारा. एका वहीत मुलाचं नाव, अंदाजे वय, घरची भाषा, गावाकडच्या शाळेचं नाव आणि आईबापाचा फोन नंबर लिहीत जा. ही वही पुढे सगळ्यात जास्त कामाला येते.

भट्टीमालक आणि मुकादम या दोघांना भेटल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. मालकाला शिक्षणाचं महत्त्व पटवत बसण्यापेक्षा सरळ सांगा, की पोरं चार तास शाळेत सुरक्षित असली तर आईबापांचं लक्ष कामात राहतं, आणि चौदा वर्षांखालचं मूल विटांना हात लावताना दिसलं तर अडचण त्यांचीच होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही त्यांना कळतात. मुकादमाशी जास्त वेळ बोला. पुढच्या वर्षी ही कुटुंबं कुठल्या भट्टीवर जाणार हे त्यालाच ठाऊक असतं.

आपण कोण ते पहिल्याच वाक्यात सांगा

"आम्ही चर्चमधनं आलोय." हे वाक्य आधी, बाकीचं नंतर. लपवून सुरू केलेलं काम एक ना एक दिवस संशयाच्या भोवऱ्यात सापडतं आणि त्याची झळ मुलांना बसते. आम्ही ग्रामपंचायतीला आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना एक पानी पत्र देतो. त्यात कोण येणार, कुठल्या वारी, किती वाजता, काय शिकवणार, हे असतं. पत्राची पोच घेऊन ठेवतो.

आता जो प्रश्न दोन्हीकडून येतो त्याचं उत्तर. मंडळीतले काही जण विचारतात, "मग प्रभूबद्दल काही सांगायचंच नाही का?" बाहेरचे विचारतात, "शेवटी धर्म बदलायलाच आलात ना?" मी दोघांनाही एकच सांगते. मी ख्रिस्ती आहे म्हणून तिथं जाते, आणि मूल ख्रिस्ती व्हावं ही माझ्या येण्याची अट नाही. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही धुतले. धुण्याआधी कुणाला काही कबूल करायला लावलं नाही. आपलं काम तिथून येतं.

म्हणून वर्गात आम्ही गीत घेत नाही, प्रार्थना घेत नाही, शास्त्रपाठ घेत नाही. आम्ही प्रार्थना करतो ती निघण्याआधी, चर्चच्या ओसरीवर, एकेका मुलाचं नाव घेऊन. शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, रविवारी चर्चमध्ये असते, तिथं भट्टीवरची मुलं आणायला आम्ही गाडी पाठवत नाही. वही, चप्पल, खाऊ यांतलं काहीही चर्चच्या हजेरीशी जोडत नाही. नाताळात मात्र सगळ्या वस्तीला आईबापांसकट बोलावतो. मूल एकटं येत नाही. ते यल्लम्माच्या नैवेद्याला बोलावतात तेव्हा आम्हीही जातो आणि वाढलेलं जेवून येतो. कुणी पालकानं आपणहून विचारलं तर मी काय मानते ते मोकळेपणानं सांगते, पण त्या मोठ्या माणसाला, त्याच्या लेकराला बाजूला घेऊन नव्हे. मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदतीच्या शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम २८ सांगतं. आपला वर्ग त्या व्याख्येत बसत नसला तरी मोजपट्टी तीच ठेवा.

वसतिगृह का नको

आपल्या मंडळ्यांच्या मनात वसतिगृह पक्कं बसलंय, आणि त्याला कारण आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि त्यांनी इथं शाळा काढल्या. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं. तिकडं केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो मुलींना आसरा दिला. आपल्यातल्या कितीतरी घरांची पहिली शिकलेली पिढी अशाच आवारांतून बाहेर पडली. त्या कामाबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे.

पण तेव्हा गोरगरिबाच्या मुलाला दार उघडणारी शाळाच क्वचित होती, म्हणून ती बांधावी लागली. मग याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आज भट्टीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा आहे, मास्तर आहेत, दुपारचा भात आहे. कमी आहे ते खोपीपासून शाळेच्या दारापर्यंत हात धरून नेणारं माणूस. त्यासाठी इमारत लागत नाही.

कायद्याचंही नीट समजून घ्या. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेला नोंदणी लागते. नोंदणीविना बालगृह चालवणं हा गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत "सोय होतेय म्हणून" मुलं ठेवणं आज चालत नाही, आणि चालू नये. आई जिवंत असताना केवळ गरिबीपायी मूल तिच्यापासून दूर करणं मला पटत नाही. मूल अनाथ असेल, एकच पालक असेल, आईबाप गंभीर आजारी असतील तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जाऊन क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचा अर्ज करा. त्यात मुलाला नातेवाइकाकडं किंवा घरीच ठेवून दरमहा २,२५० रुपये मिळतात. आजीजवळ राहून शिकणारं लेकरू आणि खाटांच्या रांगेत झोपणारं लेकरू, दोघांना मी जवळून बघितलंय. ज्या मुलाला खरोखरच घर उरलेलं नाही त्याच्यासाठी बालकल्याण समिती आहे, निर्णय तिचा. आपण मुलाला समितीपर्यंत घेऊन जायचं.

शाळेत नाव घालणं

इथं खरा वेळ द्या. भट्टीवरची कुटुंबं नोव्हेंबरात येतात, शाळा जूनमध्येच सुरू झालेली असते. शाळेत गेल्यावर हमखास चार गोष्टी ऐकायला मिळतात. जन्माचा दाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही, निम्मं वर्ष गेलंय. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याची चार कलमं एका कागदावर मराठीत लिहून पिशवीत ठेवा. कलम ४: कधीच शाळेत न गेलेलं किंवा मध्येच सुटलेलं मूल त्याच्या वयाच्या इयत्तेत बसेल आणि बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळेल. कलम ५: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येणार नाही. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून अडवता येणार नाही. कलम १५: प्रवेशाची मुदत उलटली म्हणूनही नाही.

पण कागद पहिल्या मिनिटाला बाहेर काढू नका. मी स्वतः शिक्षिका होते. सरकारी शाळेतल्या बाईंवर पोषण आहार, ऑनलाइन माहिती, जनगणना, निवडणूक, सगळं लादलेलं असतं, त्यात आपण वीस मुलं आणून उभी करतो. आधी त्यांचं काम हलकं करा. मुलांची नावं, वयं, गाव, पालकांचे नंबर अशी स्वच्छ यादी द्या. मुलं रोज वेळेवर पोचवण्याची जबाबदारी घ्या. "संध्याकाळी आम्ही सराव घेतो, तुम्ही काय शिकवलंत तेवढं सांगा," असं म्हणा. आणि बरोबर आईला न्या. ती बाकावर बसली पाहिजे, दारात उभी नाही. एवढं करूनही नकार आला तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि केंद्रप्रमुखांना, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा.

मूल गावाकडच्या शाळेत आधीपासून असेल तर इथं नवीन नाव घालायची घाई करू नका. एका मुलाची दोन शाळांत नोंद झाली की पुढे दाखला काढताना त्रास होतो. महाराष्ट्रातल्या स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. ते दाखवलं की इथल्या शाळेत बसता येतं आणि परत गेल्यावर तिकडच्या वर्गात जागा राहते. कार्ड नसेल तर गावाकडच्या शाळेला फोन करून मागवा.

कन्नड घरच्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. सहा महिने मराठी शाळेत, सहा महिने कन्नड शाळेत असं चाललं तर मूल दोन्हीकडं मागं राहतं. आमच्या मंडळीत गडहिंग्लज आणि निपाणीकडच्या बहिणी आहेत, त्यांना कन्नड वाचता-लिहिता येतं. त्यांच्याकडून आठवड्यात दोन दिवस कन्नड अक्षरं गिरवून घेतो. तुमच्या मंडळीत असं कुणी आहे का ते विचारा, नक्की सापडेल.

शाळेची वाट कशी आहे ते स्वतः चालून बघा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. पण तेवढ्यात मोठा रस्ता ओलांडायचा असेल तर सहा वर्षांचं मूल एकटं जाणार नाही, आणि आई थापणं सोडून येऊ शकणार नाही. वस्तीतल्याच एखाद्या आजीला महिन्याचं मानधन देऊन मुलं ने-आण करायला सांगा. आमच्या सगळ्या खर्चात सर्वांत सार्थकी लागलेला पैसा हा आहे.

वर्गात काय करायचं

जागा साधी चालते. वस्तीच्या कडेला, भट्टीच्या धुराच्या विरुद्ध बाजूला सतरंजी, वर ताडपत्री, एक सौरदिवा, पिण्याच्या पाण्याचा झाकणाचा पिंप आणि हात धुवायला साबण. पाट्या आणि खडू भरपूर ठेवा. पाटीवर चुकलेलं पुसता येतं, म्हणून घाबरणारं मूलही लिहायला तयार होतं.

इयत्तेप्रमाणे बसवू नका. प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ घेऊन पाच मिनिटं वाचायला द्या. अक्षर ओळखतं का, साधा शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद, मग छोटी गोष्ट. जिथं अडकतं तो त्याचा गट. प्रथम संस्थेनं ही पद्धत देशभर रुजवली आहे आणि ती खरंच चालते. आमच्याकडं पाचवीतलं मूल आणि सातवर्षांचं मूल एकाच अक्षरगटात बसतात. मोठ्याला लाज वाटू नये म्हणून त्याला पाट्या वाटायचं, हजेरी मांडायचं काम द्या.

शब्द त्यांच्या रोजच्या जगण्यातले घ्या: वीट, माती, साचा, चूल, गाढव, ताडपत्री. "क कमळाचा" या मुलांनी पाहिलेला नसतो. वीट हा शब्द लिहिता आला की व आणि ट ही अक्षरं आणि दीर्घ वेलांटी एकदम हातात येतात, आणि मूल लिहिलेलं आईला दाखवायला पळत जातं. रोज एका मुलानं एक वाक्य सांगायचं, बाईंनी ते फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं. "आमचं गाढव काल पळालं." "आज्जीचा फोन आला." या वाक्यांची वही करा. तीच आमची वाचनमाला.

गणितात मराठी संख्यावाचनावर थांबा. त्रेपन्न ऐकल्यावर मूल आधी तीन लिहितं आणि ३५ होतं. कानावर एकक आधी पडतो, लिहायचा दशक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन" असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला. मी दोन्ही शिकवते. आधी "पन्नास तीन" म्हणत पाच जुड्या आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या, मग "त्रेपन्न" हे त्याचं रोजचं नाव सांगायचं. खराट्याच्या काड्या दहा-दहाच्या जुडीत रबरानं बांधून ठेवा. वजाबाकीत हातचा घेताना जुडी सोडून दाखवली की जे महिनाभर फळ्यावर कळत नाही ते एका संध्याकाळी कळतं. भट्टीवरची मुलं हिशोबात मुळात तरबेज असतात. आज आईनं किती विटा थापल्या आणि हजाराला काय दर, हे त्यांना तोंडपाठ असतं. तिथून सुरुवात करा, आणि मोठ्या मुलांना उचलीचा हिशोब वहीत मांडायला शिकवा. ज्या घरात पोरगी हिशोब लिहिते त्या घराला मुकादमही जपून बोलतो.

धाकट्यांना कडेवर घेऊन आलेल्या मुलींना परत पाठवू नका. त्यांना परत पाठवलं तर मुलींचा वर्गच संपतो. सतरंजीच्या एका टोकाला बाळांचा कोपरा करा, मंडळातली एक मावशी तिथं बसेल. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी जवळच्या अंगणवाडीच्या ताईंना गाठा. बाहेरगावची मुलंही अंगणवाडीत येऊ शकतात आणि लसीकरणाची तारीखही तिथंच कळते.

खाऊ म्हणून आम्ही मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा देतो, कधी केळं. कोल्हापुरात गुळाला तोटा नाही. कुणाला शेंगदाणे सोसत नाहीत का ते पालकांना आधी विचारा. खाऊ शेवटी द्यायचा नाही, आल्या आल्या द्यायचा. भुकेल्या मुलाला अक्षर दिसत नाही.

मुलांच्या सुरक्षेचे नियम

यात सूट नाही. पाळकसाहेबांनाही नाही, मोठ्या देणगीदारालाही नाही.

वर्गावर नेहमी दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई. कुठलंही मूल कुणाबरोबर एकटं खोलीत, गाडीत किंवा आडोशाला असता कामा नये. नवीन येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याची पोलीस पडताळणी करून घ्या आणि पहिले काही आठवडे त्यांना नुसतं बसवा. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नका, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर टाकू नका, चर्चच्या फलकावर लावू नका. बाहेरून पाहुणे आले तर त्यांना आधी हे सांगा. आमच्याकडं पाहुणा आला की तो पाट्या पुसतो, बाळांच्या कोपऱ्यात बसतो. त्याच्यासाठी मुलांचा कार्यक्रम बसवत नाही.

एखाद्या मुलानं कुणी वाईट हात लावल्याचं सांगितलं, किंवा तशी शंका आली, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम २०१२, म्हणजे पॉक्सो, याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा. मंडळीत आधी चर्चा करू, घरच्यांना समजावू, मुकादमाशी बोलू, असं काही नाही. मुलाला धीर द्या, पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, त्यानं सांगितलेलं त्याच्याच शब्दांत लिहा आणि कळवा. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो. तो प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या आणि तोंडपाठ करून घ्या.

दुखणीखुपणी

स्वतः औषधं वाटू नका. पण काय बघायचं ते शिका. पाटी नाकाशी धरणारं मूल मठ्ठ नसतं, त्याला दिसत नसतं. डोळे तपासून चष्मा मिळाला आणि महिन्यात वाचायला लागलं, अशी मुलं आमच्या वर्गात आहेत. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल तर ती बहुधा खरूज. डॉक्टरांनी दिलेलं मलम सगळ्या घरानं एकाच रात्री लावायचं आणि अंथरूण-कपडे गरम पाण्यानं धुवायचे, नाहीतर ती फिरून येते. वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीतून जंताची गोळी देतात, त्या दिवशी आपली मुलं गैरहजर नसतील एवढं बघा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, न्यायचं झालं तर सकाळी लवकर निघा, आईबरोबर आपलं एक माणूस द्या आणि तिच्या दिवसाच्या मजुरीचं काय ते आधी ठरवा. मजुरी बुडते म्हणूनच ती जात नसते.

पैसा

फार लागत नाही. सरकारी शाळेत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात, गणवेशाचीही योजना आहे, तेव्हा त्यावर खर्च करू नका. वह्या, चपला, थंडीत स्वेटर, चष्मे, आजीचं मानधन, खाऊ, सौरदिवा, इतकंच. मंडळीत जुन्या कपड्यांचे ढीग मागू नका. कोणत्या मापाच्या किती चपला हव्यात त्याची यादी उपासनेनंतर वाचून दाखवा, लोक आनंदानं आणतात. दानार्पणातून या कामाला वेगळी वही ठेवा, पेटी दोघांनी मिळून उघडा, जमाखर्च दर तिमाहीला मंडळीपुढं ठेवा. बाहेरून देणग्या घ्यायच्या तर धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या ट्रस्टमार्फतच घ्या. परदेशातल्या नातलगानं मोठ्या मनानं पैसे पाठवतो म्हटलं तरी ट्रस्टला विदेशी योगदानाची परवानगी नसेल तर नम्रपणे नाही म्हणा.

हंगाम संपताना

एप्रिल लागला की तयारी सुरू करा, कारण कुटुंबं कधी निघतील ते आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही. प्रत्येक मुलासाठी झिपची जाड प्लास्टिक पिशवी करा. तिच्यात शिक्षण हमी कार्ड, इथल्या शाळेतल्या हजेरीचा आणि मूल्यमापनाचा कागद, लसीकरणाचं कार्ड, आधार काढलं असेल तर त्याची प्रत, आणि मूल काय वाचू शकतं, कुठं अडतं हे पुढच्या बाईंना सांगणारं आपल्या हाताचं अर्ध्या पानाचं पत्र. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिलेत त्यांना पाण्यात गेलेल्या कागदांची किंमत सांगायला नको. पिशवी आईच्या हातात द्या आणि तिच्यात काय आहे ते एकेक कागद काढून तिला समजावून सांगा. सगळ्याचे फोटो आपल्या वहीबरोबर जपून ठेवा.

कर्नाटकातल्या शाळा आपल्याआधी उघडतात, तिकडच्या मुलांसाठी जूनच्या पहिल्याच आठवड्यात फोन करा. आपल्याकडच्यांसाठी शाळा उघडल्यावर आठवड्यानं. आधी शाळेत करा, मूल हजर आहे का विचारा. नसेल तर आईबापाला. त्यांचा नंबर लागत नसेल तर मुकादमाला. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून यादी घ्या, कोण कुठल्या भट्टीवर चाललंय याची. जी मुलं आपल्याकडं परत येणार नसतील त्यांची नावं, पिशवीतल्या कागदांच्या फोटोंसह, तिकडच्या शाळेला पाठवा, आणि तिथं जवळ कुठली मंडळी असेल तर तिच्या महिला मंडळालाही कळवा.